पानाच्या डोक्यावरचं नाव

दादा, तुझी फाईल उघडली आणि पहिली शिवी तुलाच घातली. गेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मग गेलेल्या माणसानं असली फाईल मागं ठेवून जाऊ नये!

सोमवारी तुझी तेरवी. प्रशांतच्या मनात आलं, बाबांचं हळदीचं पुस्तक राहिलंय, ते छापून घेऊ आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देऊ. तुझाच लेक, कल्पना चांगलीच काढणार. पण कल्पना काढणाऱ्याला फाईल लावावी लागत नाही. ‘आत्या, एवढं जरा बराबर करून दे,’ म्हणाला आणि मंडपवाल्याला फोन करायला निघून गेला. मी आपल्या हिंगोलीच्या टायपिंगच्या दुकानातला लॅपटॉप घेऊन शिरड शहापूरला तुमच्या ओसरीवर बसले. भेटायला येणारी माणसं अंगणातून माझ्याकडं बघत होती. आपल्या थोरल्या आत्याबाईंना राहवलं नाही. ‘अगं मंदे, सुतक फिटलं न्हाई अन् मशीन काय चालू करून बसलीस?’ मी म्हणाले, ‘ज्याचं सुतक, त्याचंच काम करून राहिले.’ त्या गप्प बसल्या. मीही बसले असते, पण फाईलनं बसू दिलं नाही.

काय करून ठेवलंस रे हे? प्रत्येक पानाच्या डोक्यावर तू हातानं एक ओळ टाइप केलीस. माणसाचं नाव आणि गाव. ‘नामदेवराव, कुरुंदा.’ मग एन्टर, एन्टर, आणि खाली मजकूर. पान संपलं की पुन्हा एन्टर मारत मारत तळाला जायचं आणि दोन रेघांच्या मधे पानाचा नंबर. तोसुद्धा हातानं. अख्खं पुस्तक असंच. मी पानावर एक शब्द दुरुस्त केला, एक ओळ वाढली, आणि त्याच्या पुढचं सगळं खाली घसरलं. डोक्यावरची नावं पानाच्या मधोमध येऊन बसली. आता माझ्यासमोर लिहिलेलं असं होतं: ‘हळद शिजवताना कढईत पाणी कंदांच्या वर चार बोटं नामदेवराव, कुरुंदा ठेवावं.’ नामदेवमामांना कढईत घातलंस तू, दादा. पानाचा नंबर हळद वाळत घातलेल्या खळ्यात पडला होता. मी हसले आणि लगेच रडू आलं, आणि मग रडू आलं म्हणून राग आला.

किती वेळा सांगितलं होतं! हेडर म्हणून एक सोय असते. पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत जायचं, तिथं एकदा लिहायचं, ते आपोआप सगळ्या पानांवर जाऊन बसतं. खाली तसंच फूटर. मजकूर कितीही वाढू दे, कमी होऊ दे, वरची ओळ वरच राहणार आणि खालची खालीच. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून आले त्याच दिवशी तुला हे दाखवलं होतं. तू चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलंस आणि म्हणालास, ‘हे फिकट काहून दिसून राहिलंय?’

‘अरे, हेडर स्क्रीनवर फिकटच दिसतं. छापलं की काळंभोर येतं.’

‘मी लिहिलेलं फिकट?’

मी प्रिंट काढून हातात दिली. कागद उजेडाकडं धरून बघितलास. ‘छापलं बराबर हाय,’ म्हणालास. ‘पण मशीन त्याला फिकट दाखवतंय, म्हंजी मशीनला ते खरं वाटत न्हाई.’ त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते आत्ता, या ओसरीवरसुद्धा, चालूच आहे. फक्त तुझी बाजू मलाच मांडावी लागतेय, म्हणून मला जास्त चीड येतेय.

तुझा हात टाइपरायटरवर बसलेला. कोर्टासमोरच्या टपरीत तू अर्ज आणि दावे टाइप करायचास तेव्हा प्रत्येक पानावर वरती पक्षकारांची नावं हातानंच टाकावी लागत. नवा कागद लावायचा, रोलर फिरवायचा, नाव टाकायचं. ‘हाताखालून गेलं की चूक दिसती,’ हे तुझं ठरलेलं वाक्य. अरे, पण टाइपरायटरवरचा कागद घसरत नाही! कॉम्प्युटरवरचा घसरतो! हे तुला सांगून सांगून माझा घसा बसला. तू एक पूर्ण दिवस एन्टर आणि बॅकस्पेस मारून सगळी नावं पुन्हा वर चढवायचास, आणि संध्याकाळी वहिनींना फोन करून सांगायचास, ‘आज लई काम झालं.’

एवढं खरं, की मी त्या मशीनपाशी पोचले ती तुझ्यामुळं. लग्न होऊन हिंगोलीत आले आणि घरात नुसती बसून होते. तू एक दिवस सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन बसलास. ‘मंदाला दुकानात पाठवा, मला माणूस पाहिजे.’ सासरे म्हणाले, ‘कोर्टासमोर बाई बसणार व्हय?’ तू म्हणालास, ‘बसंल की. खुर्ची हाय.’ एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात. टायपिंग शिकवताना माझ्या बोटांवर तुझा रुमाल टाकायचास, म्हणजे अक्षरं दिसू नयेत आणि बोटांनीच ओळखावीत. तो रुमाल तंबाखूचा वास मारायचा. मी नाक मुरडलं की म्हणायचास, ‘वास घेऊ नको, शब्द टाक.’ आज माझी बोटं न बघता चालतात. सासरच्या घरात मला कोणी रिकामी म्हणत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण समोर आलास की हेडरवरून भांडायलाच वेळ पुरायचा नाही.

बरं, तुला नुसतं एकच नाव सगळ्या पानांवर नको होतं. तिथंच खरी मेख होती. पुस्तकाचं नाव वर टाकू म्हणाले, तर ‘ते कव्हरवर असतंय की. माणूस विसरला तर उलटून बघंल.’ लेखक म्हणून तुझं नाव टाकू म्हणाले, तर अंगावरचं झुरळ झटकावं तसा हात झटकलास. तुला प्रत्येक पानावर वेगळं नाव पाहिजे होतं. बेणं निवडायचं पान ज्यानं सांगितलं त्याचं नाव त्या पानावर. पाला कापायचं पान दुसऱ्याचं. ढोलात घालून हळदीला पॉलिश करायचं तिसऱ्याचं. वसमतपासून औंढ्यापर्यंत तू मोटारसायकलवर हिंडलास, लोकांच्या बांधावर चहा पिलास, आणि ऐकलेलं सगळं आणून टाइप केलंस.

मी एकदा वैतागून विचारलं, ‘एवढी नावं कशाला पाहिजेत? वाचणाऱ्याला हळदीशी मतलब.’

तेव्हा तू पहिल्यांदा नीट सांगितलंस. ‘मंदे, शेतकऱ्याला सल्ला देणारे गल्लोगल्ली हायेत. दुकानदार म्हणतो हे मार, मोबाइलवाला म्हणतो ते टाक. पीक गेलं की एकबी सापडत न्हाई. माझ्या पुस्तकातलं पान खोटं निघालं, तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं ते वर लिहिलेलं पाहिजे. नाव अन् गाव.’

मला ते पटलं होतं, दादा. म्हणून तर सेक्शनचा उपाय काढला. पुस्तकाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक पानाचा एक सेक्शन, म्हणजे प्रत्येकाचं हेडर वेगळं ठेवता येतं. मधे सेक्शन ब्रेक टाकायचा, झालं. तू काय म्हणालास? ‘ब्रेक म्हंजी तोडायचं. माझ्या पुस्तकात तोडफोड नको.’ डोकं आपटावं असं झालं मला! तुला जे पाहिजे ते मशीन करत होतं, तुझ्या बहिणीला येत होतं, आणि तू एन्टर मारत बसला होतास.

आणि शेवटी? शेवटच्या शनिवारी दुकान बंद करताना शटरला कुलूप लावता लावता म्हणालास, ‘पुढच्या हप्त्यात बसू. दाखव तुझं ते सेक्शनचं.’ एवढ्या वर्षांनी! मी मुद्दाम चेहरा साधा ठेवला. जास्त खूश दिसले तर हा माघार घेईल, असं वाटलं. पुढचा हप्ता आला तेव्हा मी तुझ्या पायाशी बसले होते आणि लोक कोपऱ्यात बांबू बांधत होते. असा कसा रे तू? कबूल करून कोणी जातं का?

तर आता तुझ्या माणसांचं ऐक. काल कुरुंद्याहून नामदेवमामा आले. बराच वेळ अंगणात डोकं धरून बसले, मग माझ्या शेजारी येऊन टेकले. मी त्यांना त्यांच्या पानाची कच्ची प्रिंट दाखवली. वाटलं, बरं वाटेल. त्यांनी नावावर बोट ठेवलं. ‘हे काढ.’

‘काहून?’

‘माझं नाव काढ अन् त्याचं टाक. मी नुसतं बोललो. लिहिलं त्यानं, हिंडला त्यो, उन्हातान्हात.’

थोड्या वेळानं तांड्यावरच्या सोनाबाई आल्या. हळद वाळवायचं पान त्यांचं. त्यांनी तर प्रिंट हातातसुद्धा घेतली नाही. ‘मला वाचता येत न्हाई बाई. पण माझं नाव काय करायचं तिथं? तुझ्या भावाचा फोटू लाव. लोकाला कळू दे असा माणूस होता.’ आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांचं बघून नामदेवमामा, त्यांचं बघून वहिनी. मी एकटीच लॅपटॉप मांडीवर घेऊन कोरडी बसले, कारण माझा पारा चढला होता.

मी म्हणाले, ‘मामा, या नावांसाठी तो माझ्याशी आयुष्यभर भांडला. आता तुमी काढा म्हणता? पान खोटं निघालं तर लोकांनी कुणाच्या दारात जायचं?’ बोलून गेले आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. तुझं वाक्य, तुझ्याच ठसक्यात. मामांनी प्रिंट परत माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे मग. पण पाणी चार बोटं न्हाई, तीन लिही. त्येनं चार ऐकलं.’ म्हणजे बघ! गेल्यावरसुद्धा तुझी प्रुफं मीच तपासायची.

प्रशांतची तऱ्हा वेगळी. त्याला फूटर पाहिजे. प्रत्येक पानाच्या तळाला तुझं पूर्ण नाव, आधी ‘कैलासवासी’, मागं ‘यांच्या स्मरणार्थ’. मी सांगितलं, तळाला फक्त पानाचा नंबर येईल. तो चिडला. ‘आत्या, बाबांचं पुस्तक हाय अन् बाबांचंच नाव कुठंच न्हाई? लोक काय म्हणतील?’ मी म्हणाले, ‘तुझ्या बापानं लावून दिलेल्या वळणानंच जाईल.’ तो म्हणाला, ‘तुमी दोघंबी सारखेच,’ आणि पाय आपटत बाहेर गेला. दार आपटलं नाही, कारण अंगणात माणसं होती. लेकरू आहे रे. त्याला बापाचं नाव कुठंतरी हातानं शिवायचं आहे, आणि मी त्याला नियम सांगत बसले. वहिनी चहा देताना एवढंच म्हणाल्या, ‘एखाद्या ठिकाणी तरी येऊ द्या, मंदाताई.’

मग आज दुपारी मी कामाला लागले. तुझ्या हातानं लिहिलेल्या सगळ्या ओळी मजकुरातून उचलल्या. सगळे फालतू एन्टर पुसले. पुस्तक एकदम हलकं झालं, पानं कमी झाली. पानापानाला सेक्शन पाडले. तोडफोड म्हण, काही म्हण. आणि पहिल्या पानापासून वरती नावं टाकत निघाले. बेणं, लावण, मातीची भर. नाव, गाव. नाव, गाव. फिकट फिकट दिसत होती, पण जागच्या जागी बसत होती. मधे लाईट गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू ठेवलं. बाहेर मुक्कामाला राहिलेले नामदेवमामा कोणाला तरी तीन बोटांचं समजावून सांगत होते.

आणि कंदकुजीच्या पानावर येऊन अडकले. तेवढ्या एकाच पानावर तू वरती कोणाचंच नाव लिहिलेलं नव्हतंस. कारण मला माहीत होतं. नाल्याकडच्या सखल तुकड्यात तू हळद लावलीस. सगळ्यांनी सांगितलं, चर काढ, पाणी साचंल. ‘बघू,’ म्हणालास. त्या साली पाऊस थांबला नाही आणि अख्खा तुकडा जमिनीत कुजला. वास घरापर्यंत यायचा. वहिनी त्या दिवसांत खिडकी उघडायच्या नाहीत. मग तू ते सगळं लिहून काढलंस. पाणी कुठं साचलं, पान आधी कुठून पिवळं पडलं, कंद दाबला तर कसा लागतो. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे ते, दादा. तोंडावर सांगितलं असतं तर फुगला असतास. दुकानात मी विचारलं होतं, ‘इथं वर कोणाचं नाव?’ आणि तू लाजलास. माझा दादा चक्क लाजला! ‘मी काय शेतकरी हाय व्हय? टायपिंगवाला मी. लोक हसतील.’

हसू देत. नियम तुझा आहे. ज्याचं पान, त्याचं नाव. मी वरच्या जागेत गेले आणि तुझं नाव टाइप केलं, पुढं शिरड शहापूर. ‘कैलासवासी’ लिहिलं नाही. कंदकूज झालेल्या माणसाला कैलास काय करायचा आहे, त्याला दार पाहिजे. कोणी आलाच भांडायला, तर मी आहे, प्रशांत आहे, नाल्याकडचा तुकडा आहे.

आता सेक्शनची एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. ती पुढच्या हप्त्यात सांगणार होते. प्रत्येक सेक्शनचं हेडर मागच्या सेक्शनशी आपोआप जोडलेलं असतं. एका पानावर नाव टाकलं की पुढच्या सगळ्या पानांवर तेच जातं. मग पुढच्या पानावर जाऊन जोड तोडायची आणि तिथलं नाव टाकायचं, की तिथून पुढं ते नाव जातं. मी दुपारभर हेच करत होते, पण मान वर करून पुढची पानं बघितली नव्हती. तुझं नाव टाकलं तेव्हा का कोण जाणे, बघितली. काढणीच्या पानावर तू. शिजवण्याच्या पानावर तू. वाळवण, ढोल, बाजार, अगदी शेवटच्या पानापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर तूच. मी सावकाश खाली जात राहिले आणि तू येतच राहिलास.

माझ्या मागं प्रशांत कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्यानं वाकून बघितलं. मग हळूच म्हणाला, ‘आत्या, ऱ्हाऊ दे ना असंच. कोणाला काय कळतंय?’

आणि खरं सांगते दादा, माझा हात उठेना. कोणाला काय कळणार होतं? नामदेवमामा स्वतःच काढा म्हणाले होते. सोनाबाईंना वाचता येत नाही. तेरवीला आलेली माणसं पानं उलटतील, जिथंतिथं तुझं नाव बघतील, डोळ्याला रुमाल लावतील. प्रशांतला बरं वाटेल. वहिनींना बरं वाटेल. मलाही वाटेल. तुला एकट्यालाच वाईट वाटलं असतं, आणि तू तर आता यायचा नव्हतास. मी प्रशांतला म्हणाले, ‘अजून थोडा वेळ बघ.’ तो शेजारी बसला. आम्ही दोघं बघत बसलो. वहिनींनी आणलेला चहा गार झाला.

मग मी पुढच्या पानावर गेले. जोड तोडली. काढणीचं पान कुरुंद्याच्या एका माणसाचं होतं, त्याचं नाव टाइप करायला घेतलं. मला माहीत होतं काय होणार. रोजचं काम आहे माझं, दिवसातून शंभर वेळा करते. तरी मनात कुठंतरी होतं, की तुला एकेका पानावरून काढायचं आहे, म्हणजे अजून वेळ आहे, शेवटचं पान येईपर्यंत तू आहेस.

नाव पूर्ण झालं, तेच पुढं शेवटपर्यंत जाऊन बसलं आणि तू पुढच्या सगळ्या पानांवरून एकदम गेलास. मी खाली गेले, अजून खाली गेले, शेवटपर्यंत गेले. कुठंच नाहीस.

‘अरे थांब की!’ मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की अंगणातली माणसं बोलायची थांबली. प्रशांतनं माझा हात धरला.

आतून वहिनींचा आवाज आला, ‘काय झालं, मंदाताई? कोणाला थांबवून राहिल्या?’

मी म्हणाले, ‘कोणाला न्हाई, वहिनी. कोणी न्हाई इथं.’